भामाआत्याने धवला अडवला

मुहूर्तमेढेचा खड्डा गोरख खणत होता आणि त्याचा बाप बळीराम त्याच्या डोक्यावर उभा राहून त्याला चोर ठरवत होता.

"कंपनीन पेपर कोनी नेला?"

सकाळपासून पाचव्यांदा विचारून झालं होतं. पाचही वेळा बळीरामचे डोळे गोरखवरच होते.

"मना काय म्हाईत?"

"तुना नाय म्हाईत तं कोनाला म्हाईत? रोज डंपर घेऊन कंपनीच्या दारावरना कोन जातंय? मी जातंय?"

गोरखने पहार अशी मारली की खालचा दगड फुटला. "बाबा, आज भाविकाचा मांडव हाय म्हनून गप हाय मी. नायतं सांगितला असता तुमाला."

"सांग ना! सांग! पोटान जलतंय तुज्या, सा वर्सं जलतंय!"

अंगणात मांडवाच्या वाशांना दोऱ्या बांधणारी भावकीतली माणसं हात थांबवून ऐकत होती आणि कुणी बघितलं की घाईने गाठ मारत होती. घरतांच्या घरात राग कुणी वाटून घेत नाही, ज्याला त्याला आपापला पुरा लागतो. त्या शनिवारी तर उद्या बळीरामच्या पोरीचं, भाविकाचं, लग्न, आज मेढ आणि वर कंपनीचं पत्र, म्हणजे सगळ्यांची सोय झाली होती.

पत्र आदल्या संध्याकाळी शिपाई घेऊन आला होता. बळीरामचा पुतण्या आनंदा कंपनीत सेकंड शिफ्टला होता, म्हणून ते फोडलं त्याच्या बायकोने. दीपाने ओटीवर उभं राहून ते मोठ्याने वाचलं, आणि वाचता वाचता तिला कळलं की गेल्या महिन्यात एका बुधवारी आपल्या नवऱ्याला एकशेदोन ताप होता. डॉक्टरांचं सर्टिफिकेट होतं. त्याच बुधवारी सकाळी अकरा वाजता हा तापाने फणफणलेला माणूस पनवेलच्या वाचनालयात कविसंमेलनात उभा होता, खांद्यावर शाल, हातात नारळ. 'सदर प्रसंगाचे छायाचित्र असलेले साप्ताहिक कार्यालयास प्राप्त झाले असून', असं पुढे होतं. शनिवारी दुपारी दोनपर्यंत माफीपत्र द्यावं, नाहीतर सेवा समाप्त. माफीपत्राचा मजकूर साहेबांनी स्वतःच टाइप करून जोडला होता. त्यात दोन वाक्यं होती. पहिलं खोट्या रजेबद्दल. दुसरं असं: 'यापुढे मी कोणत्याही प्रकारचे काव्यलेखन अथवा जाहीर वाचन करणार नाही.' खाली आनंदाची सही, आणि कंपनीत जमीन गेल्याच्या ज्याच्या दाखल्यावर नेमणूक झाली त्या जमीनधारकाचा, म्हणजे बळीरामचा, अंगठा.

दीपाला नोकरीची भीती नंतर वाटली. आधी वाटला तो अपमान. त्या बुधवारी तिने त्याला लग्नातला शर्ट इस्त्री करून दिला होता. "सुट्टी मिळाली का?" असं विचारलं होतं, आणि तो "मिलाली" म्हणाला होता. साहेबाला एक खोटं आणि बायकोला दुसरं.

आता चुलीपुढे शंभर माणसांचा भात टाकताना तिने त्याला गाठलंच. तो पाण्याची कळशी ठेवायला आत आला होता.

"माज्याशी कनाला खोटा बोललास?"

"सुट्टी शिल्लक नव्हती. चार दिवस भाविकाच्या लग्नाला ठेवले होते. ते मोडले असते तं काकांनी घरातून काढला असता."

"म्हनून ताप काढलास? आरं, मना सांगितला असतास तं मी काय तुज्या तोंडान थर्मामीटर घातला असता?"

आनंदाला हसू आलं आणि ते दीपाने पाहिलं. तिचा उरलासुरला धीर तिथेच संपला.

"हसतंस? दोन चुली चालतान तुज्या एका नोकरीवर. तुजी मुलगी शालेन जाते त्या नोकरीवर. भाविकाला स्थळ आला ते 'भाऊ कंपनीन हाय' म्हनून आला. न तू त्या नोकरीवर हाजरी कार्डाच्या पाठीमागं कविता लिवतंस!"

हे खोटं नव्हतं. आनंदा टाइम ऑफिसात होता. आठशे माणसांची हजेरी त्याच्या हाताखालून जायची. कुणी चार मिनिटं उशिरा आला तरी तांबडी खूण तोच करायचा. शिफ्ट आत गेली की गेट सुनं पडायचं, मग तो खराब झालेलं कार्ड उलटं करून त्यावर लिहायचा. जाताना बसमध्ये चाळीस मिनिटं, येताना चाळीस मिनिटं. गुरुवारी फर्स्ट शिफ्ट असली तर वाचनालयाच्या माडीवर जमणाऱ्या चार मास्तरांना आणि एका पोस्टमनला तो ते वाचून दाखवायचा. त्यांनी शब्द कापायला शिकवलं होतं. सहा वर्षांत त्याने दोनशे कविता लिहिल्या आणि एकशेनव्वद फाडल्या. राहिलेल्या दहांतली एक त्या बुधवारी वाचली, आणि वाचून झाल्यावर सभागृहात कुणालाच टाळी वाजवायची आठवण राहिली नाही. मग एकदम वाजली. तेवढ्यासाठी त्याने ताप काढला होता, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हाही काढला असता. हे त्याने दीपाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने हातातला झारा फेकला असता.

"सही कर," दीपा म्हणाली. "पोरीच्या गल्याची आन हाय तुना. सही कर न कविता उचलून ठेव माल्यावर."

"दीपा, त्यांना फक्त तापाची माफी मागायचा हक्क हाय. कवितेची—"

"हक्क तुज्या पुस्तकान! माज्या घरान भात हाय."

*

बळीरामला त्या पत्रातलं एकच वाक्य रात्रभर टोचलं होतं. 'साप्ताहिक कार्यालयास प्राप्त झाले.' त्याला ते दीपाने वाचताक्षणीच कळलं होतं. पेपर कसा प्राप्त झाला हे सबंध घरात त्यालाच ठाऊक होतं, कारण पेपर त्यानेच नेला होता.

त्याला वाचता येत नाही. पण फोटो कुणालाही वाचता येतो. पनवेलच्या बाजारात केस कापायला बसला असताना न्हाव्याच्या पेपरात त्याने आनंदाला पाहिलं, शाल घेतलेला, मोठमोठ्या माणसांच्या मध्ये उभा. त्याच्या धाकट्या भावाचा, तुळशीरामचा, पोरगा. तुळशीराम मिठागरावर ऊन लागून गेला तेव्हा हा पोरगा अकरा वर्षांचा होता. बळीरामने अर्धे कापलेले केस तसेच ठेवून पेपर मागून घेतला, अर्धा किलो पेढे घेतले आणि रिक्षा करून थेट कंपनीच्या दारावर गेला. वॉचमनला पेढा दिला. मोठ्या साहेबाला पेढा दिला. टेबलावर पेपर पसरून म्हणाला, "माजा पुतन्या. तुमच्या कंपनीचा नाव काढला त्यान." साहेबाने पेढा खाल्ला, पेपर ठेवून घेतला आणि तारीख वाचली.

आयुष्यात बळीराम त्या ऑफिसात दोनदाच गेला होता. पहिल्यांदा सहा वर्षांपूर्वी, दाखला घेऊन. सात-बारा एक, म्हणून दाखला एक, म्हणून नोकरी एक. दोन भावांची जमीन आणि दोन पोरगे. साहेब म्हणाला, मॅट्रिक पास पाहिजे. गोरख तीनदा इंग्रजीत नापास झाला होता. बळीरामने स्वतःच्या पोराला बाहेर उभं केलं आणि भावाच्या पोराचं नाव सांगितलं. त्या दिवसापासून गोरख त्याच्याशी धड बोलला नव्हता, आणि बळीरामनेही कधी विषय काढला नव्हता. आता त्याच गोरखला तो चोर म्हणत होता. थांबावंसं वाटत होतं, पण एकदा ओरडायला लागलेला माणूस थांबला की लोक कारण विचारतात. म्हणून तो आणखी ओरडला.

"आनंदा! भायेर ये! सही कर न मोकला हो, मेढ खोलंबली हाय!"

आनंदा बाहेर आला. पडवीतल्या लोखंडी खुर्चीवर पत्र, पेन आणि भावकीतल्या कुणीतरी आणलेला शाईचा पॅड मांडून ठेवला होता. साखरपुड्याची तयारी करावी तशी व्यवस्थित तयारी होती.

"काका, पहिला वाक्य बरोबर हाय. मी खोटी रजा टाकली. त्याची माफी मी दहा वेळा मागीन. दुसरा वाक्य मी लिवून देनार नाय."

"दुसऱ्यान काय हाय?"

"कविता बंद."

"मंग कर ना बंद! कवितेन भात शिजतंय?" बळीरामचा आवाज चिरकला. "नोकरी तुजी हाय काय रं? माजा दाखला हाय त्यो! माजी जमीन हाय! तू तिथं माज्या जागेवर बसलास, तुज्या बापाच्या जागेवर बसलास, न गोरखच्या—" तो अडला. "तू एकला नाय बसलास तिथं."

"म्हाईत हाय मना, काका. रोज म्हाईत असतंय."

"मंग?"

आनंदाला बोलायचं खूप होतं. वीस माणसं बघत होती. आत भाविका पाटावर बसली होती आणि तिच्या मैत्रिणी तिला ऐकू येऊ नये म्हणून उगाच मोठ्याने हसत होत्या. दारात दीपा उभी होती, हाताला तांदळाचं पीठ. तिने सरळ त्याच्याकडे बघितलं. खड्ड्याशी गोरख पहारीवर हात ठेवून उभा होता आणि तो तर आनंदाकडे बघतही नव्हता.

त्याने सही केली. पेन इतकं दाबलं की 'घरत'मधल्या 'र'ला कागद फाटला. बळीरामने पॅडवर अंगठा दाबला आणि खाली ठसा उठवला, आणि कागद गोरखच्या पुढे धरला.

"मेढ झाली का मोटरसायकल काढ. दोनच्या आत देऊन ये. तूच ने. तूच लावलीस ना आग, आथां तूच इझव."

गोरखने कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

*

हे सगळं भामाआत्याने पाटावर बसून ऐकलं होतं.

भामा ही बळीरामची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून माहेरी. चाळीस वर्षं मिठागरावर फावडं ओढलं, आणि चाळीस वर्षं आसपासच्या आठ गावांत तिच्या धवल्याशिवाय लग्न लागलं नाही. आगरी लग्नात प्रत्येक विधीला त्याचं गाणं, धवला, लागतो. धवलारीण ओळ म्हणते, बाकीच्या बाया ती झेलतात, आणि ओळ पुरी झाली की हात हलतात. मेढेचा धवला मेढ रोवताना. तो पुरा झाल्याशिवाय खड्ड्यात माती पडत नाही. आणि एकीने धरलेला धवला दुसरी पुरा करत नाही, तिला पाय धरून बोलावलं तरी नाही.

भामालाही राग होताच. तिचा राग सकाळचा नव्हता, महिन्याभरापूर्वीचा होता. पेपरात फोटोखाली ती कविता छापली होती. भाविकाने ती तिला वाचून दाखवली होती, कौतुकाने. पहिल्याच ओळीला भामाच्या हातातलं सुपलं थांबलं होतं. ती ओळ तिची होती. तिच्या आयसने, म्हणजे आईने, तिला दिलेली, आयसला तिच्या आयसने. खाली नाव मात्र आनंदा तुळशीराम घरत.

मुहूर्त अकरा दहापर्यंत होता. गोरख आणि भावकीतल्या आणखी दोघांनी आंब्याचे टहाळे बांधलेली मेढ उचलून खड्ड्याच्या तोंडाशी उभी धरली. बळीरामने सुपारी आणि हळकुंड खड्ड्यात टाकलं. भामाने डोळे मिटले आणि सूर लावला.

"मेढ रोविली अंगनी, माती कोनाची उकरली..."

बायांनी ओळ झेलली. "माती कोनाची उकरली..."

पुढची ओळ आली नाही.

बायांनी पुन्हा म्हटलं. भामाने डोळे उघडले, तांब्यातलं पाणी प्याली आणि तांब्या खाली ठेवला.

"बाय?" बळीराम म्हणाला.

"नाय."

"काय नाय?"

"नाय गायाची मी. या घरान शब्दाचा काय काम नाय तं माजा तरी कनाला पायजे? तू लिवून घेतलास ना पोराकडना, तोंड बंद म्हनून? मंग माजा बी लिवून घे. आन तो पॅड."

"बाय, मुहूर्त जातंय!"

"जाऊ दे."

मेढ धरलेल्यांपैकी एकाने हात बदलला. मेढ ओल्या लाकडाची होती आणि जड होती.

"आत्या," दीपा पुढे आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "नोकरी गेली तं तुमी पोसनार आमाला? धवला गाऊन?"

"मी पोसलाय तुज्या नवऱ्याला, पोरी," भामा म्हणाली. "दिसभर मीठ ओढून, न वर धवला गाऊन. मना कोनी मुकादम बोलला नाय, का गायाचा सोड तं काम देईन. बोलला असता तं त्याच्या तोंडावर फावरा मारला असता." मग ती आनंदाकडे वळली, आणि आनंदाला वाटलं होतं की आता आपली बाजू घेणारं कुणीतरी उठलं, तो समज एका वाक्यात गेला. "न तू हासू नको. तू बी चोर हायस. वाच काय वाचलास त्या दिवशी. वाच, सगल्यांपुढं."

"आत्या, आथां कशाला—"

"वाच!"

आनंदाला कागद लागला नाही. त्याने खाली बघून, कंपनीतल्या हजेरीसारखं, सपाट आवाजात म्हटलं:

"माती कोनाची उकरली?
नकाशावाल्यान उकरली, बापूस कडंला उभा.
दोन भावांची जमीन, एक दाखला,
एका दाखल्याची एक नोकरी, ती नोकरी मी.
सकाली सहाला मी एक कार्ड मारतंय
न सगला घर माज्याबरोबर आत जातंय."

दोरी बांधणारे थांबले होते. बळीरामला अक्षर येत नव्हतं, पण हे ऐकायला अक्षर लागत नव्हतं. कडंला उभा असलेला बापूस कोण ते त्याला सांगावं लागलं नाही. मोजणीवाले आले तेव्हा तो अगदी तसाच बांधावर उभा होता, हात मागे बांधून, आणि कुणी त्याला काही विचारलं नव्हतं.

"पयली ओल कोनाची?" भामाने विचारलं.

"तुजी, आत्या."

"बोललास तिथं? नाव घेतलास माजा? शाल तुना, नारल तुना, न माज्या आयसची ओल फुकट?"

"चुकलू."

"चुकलास. पुढल्या बारीला उभा राशील तवा पयला माजा नाव घेशील. मंग पुढं बोलशील. न पुढली बारी याला पायजे, म्हनून ता दुसरा वाक्य जायाला पायजे." तिने बोट बळीरामकडे फिरवलं. "आथां तू. पेपर कोनी नेला ता सांग."

"मना काय—"

"बली." तिने त्याला लहानपणीच्या नावाने हाक मारली. "त्या दिवशी मना पेढा कोनी दिला? 'साहेबान बी खाल्ला, बाय' असा कोन बोलला? मी म्हातारी झाली, पन पेढा कवा खाल्ला ता मना याद हाय. वर्सान एक खाते."

बळीरामने मांडवाच्या वाशाला हात लावला. त्याने गोरखकडे बघितलं नाही. खड्ड्याकडे बघत, कुणाला धड ऐकू जाणार नाही असं तो बोलला, तरी सगळ्यांनी ऐकलं.

"मी नेला. मना वाटला, साहेबाला बरा वाटंल. मना काय म्हाईत याला ताप होता ता?"

कुणीतरी बाई फिस्सकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. बळीरामचा चेहरा काळवंडला. "हसा! हसा सगली! अंगठाबहाद्दर हाय मी! जमीन घेतली तवा बी वाचून नाय दाखवला कोनी, मी अंगठा दिला. आज बी दिला. आनंदा, कागद दुसरा लिव. वाचून दाखव. मना कलला तं अंगठा देईन, नायतं नाय."

"मामा, साहेब ऐकनार नाय," दीपा चुलतसासऱ्याला म्हणाली. "दुसरा वाक्य नसला तं काढून टाकतील."

"काढतील तं काढतील!"

"तुमचा काय जातंय बोलायला!" दीपा ओरडली. मग तिने नवऱ्याकडे बघितलं. तो वही शोधायला पडवीकडे निघालाही होता, तिला न विचारता. पुन्हा न विचारता. हे ती विसरणार नव्हती. पण तीच आत गेली आणि पोरीच्या वहीचं कोरं पान फाडून आणून त्याच्या हातात आपटलं. "अक्षर नीट काढ. न मना आथां काय झाला तं पयला सांगायचा. साहेबाच्या आधी."

आनंदाने मांडीवर कागद ठेवून लिहिलं. बुधवारी मला ताप नव्हता. मी रजेसाठी खोटं सर्टिफिकेट दिलं, ही माझी चूक आहे, तिची जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे. मी कविता लिहितो. ती मी कामाच्या वेळेत लिहिणार नाही. त्याने वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्याला आपणच दुखावलो हे त्याला कळलं, सुन्या गेटावरची ती वेळ त्याने स्वतःच्या हाताने देऊन टाकली होती. पण ते खरं होतं आणि ते द्यायलाच हवं होतं.

बळीरामने दोनदा ऐकलं, मान हलवली आणि अंगठा दिला.

अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. भामाने तांब्या बाजूला केला.

"मेढ रोविली अंगनी, माती कोनाची उकरली,
माती उकरली बापाची, पोर परघरी निंगाली..."

आत भाविका रडायला लागली. गोरखने मेढ खड्ड्यात सोडली, पायाने माती लोटली आणि पहारीच्या बोथट टोकाने ती ठेचली, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ. मग हात झटकले, खिशातला चार घड्यांचा पहिला कागद काढून बापाच्या पायाशी टाकला आणि आनंदाच्या हातातून दुसरा ओढून घेतला.

"गोरख," बळीराम म्हणाला. "पोरा, मी—"

"मना सकालपासून चोर बोलत होता तुमी. आत्याला म्हाईत होता. बसली होती गप." तो भामाकडे वळला. "एका वाक्यासाठी धवला अडवलास, आत्या. माज्यासाठी नाय अडवलास."

भामाने तांब्या उचलून त्याच्यापुढे धरला, तो त्याने घेतला नाही.

गोरख अंगणाबाहेर गेला. आनंदा त्याच्यामागे धावला. गोरखने मोटरसायकलला किक मारली, ती लागली नाही. दुसरी मारली.

"थांब, मी येतंय. माजा कागद मीच देतंय साहेबाला."

"नको. मीच देतंय. मी आगीवाला ना?"

"गोरख, काका चुकले, मी बी—"

"तुजी कविता मी पेपरान वाचली होती," गोरख म्हणाला. तिसऱ्या किकला गाडी लागली आणि त्याला मोठ्याने बोलावं लागलं. "इंग्लिश येत नाय मना, मराठी येतंय. चार वेला वाचली. बापूस हाय त्यान, जमीन हाय, दाखला हाय. सगला घर माज्याबरोबर आत जातंय, बोललास तू. मी कवा गेलू रं आत? सा वर्सं त्या गेटाच्या भायेर डंपर लावून उभा हाय मी. तू वरना खिडकीतून बगतंस मना. रोज बगतंस."

आनंदा बघत होता, हे खरं होतं. फर्स्ट शिफ्टला रोज, सहा-दहाच्या सुमारास, लायनीत तिसरा-चौथा निळा डंपर. शिफ्ट आत गेली की तो कार्ड उलटं करायचा, आणि त्या डंपरवर त्याने आजवर एक शब्दही लिहिला नव्हता.

गोरखने कागद खिशात कोंबला. आनंदा तसाच उभा राहिला म्हणून त्याने वैतागून मागच्या सीटवरचा धुळीचा फडका उचलून खाली फेकला.

"बस. उशीर झाला तं तिकडं तुजीच तांबडी खूण पडंल."

आनंदा मागे बसला. मांडवात बाया पुढचा धवला झेलत होत्या, आणि गोरखने गाडी अशी सोडली की आनंदाला त्याच्या खांद्याला धरावं लागलं.